ब्लॉकखाली केळव्याची वेल

अन्याय झाला तो माझ्या आईवर. कधी, तर यंदाच्या होळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी, पाण्याचा टँकर येऊन गेल्यावर आणि घरात कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आत. कुठे, तर बोईसरला, आम्ही राहतो त्या इमारतीच्या मागच्या अंगाला, कंपाउंडच्या भिंतीलगत. तिथे हातभर रुंदीची मातीची पट्टी होती. त्या मातीत आईने पुरून ठेवलेली पानवेल होती. तिच्यावर सोसायटीने सिमेंटचे ब्लॉक बसवले.

मी पत्रकं लिहिते. नाल्यात सोडलेल्या लाल-निळ्या पाण्यावर, बंद केलेल्या एसटीच्या फेऱ्यांवर, आणि असल्या बऱ्याच गोष्टींवर. कोणावर, कधी, कुठे हे पहिल्या चार ओळींत आलं पाहिजे, नाहीतर लोक कागदाची पुडी करून त्यात चणे खातात. म्हणून ते आधी सांगून टाकलं. आता पुढचं सांगते, ते पत्रकात मावत नाही.

आई केळव्याची. तिच्या वडिलांची तिथे पानाची वाडी होती. आता केळवं म्हटलं की लोकांना शनिवार-रविवारची समुद्रावरची गर्दी आठवते. मला आठवतो तो अंधार. भर मे महिन्यात दुपारी वाडीत शिरलं की डोळ्यांना क्षणभर काही दिसायचं नाही. वर नारळ-सुपारीची सावली, खाली पांगाऱ्याच्या बारीक खोडांवर ओळीने चढवलेल्या वेली, मधल्या पाटातून घोट्याइतकं पाणी. मग हळूहळू पानं दिसायला लागायची. आधी त्यांचा वास यायचा, तिखट, ओला, त्यात पेंडीचा आंबूसपणा मिसळलेला. तो वास मी नंतर कुठेही घेतलेला नाही. टपरीवरच्या ओल्या फडक्यातल्या पानांना तो येत नाही. मी हुंगून पाहिलंय. टपरीवाला म्हणाला, "ताई, खायचंय की नुसतं नाकाला लावायचंय?"

वाडीत जाताना चपला कुंपणाबाहेर. पाहुणा असो, दलाल असो, शाळेचे हेडमास्तर असोत. आजोबा सांगायचे, "वेलीला चामडं सोसत नाय." एकदा कोणी सरकारी साहेब बूट घालून आत निघाले होते, तर आजोबा वाटेत आडवे उभे राहिले आणि हसत म्हणाले, "साहेब, तुमी आत या, बूट हितंच राहू द्या. त्यांना आमी चहा पाजतो." साहेबांनी बूट काढले. मोज्यांनिशी वाडी फिरले आणि ओले मोजे हातात घेऊन जीपमध्ये बसले.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच येऊन अडलं. पानवेल चढत राहते आणि फार वर गेली की तिची पानं बारीक होतात. म्हणून वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडाशी, तिला खाली घेतात. बांधलेली केळीच्या सालीची सोपटं सोडायची, वेल हलक्या हाताने खोडावरून सुटी करायची, तिचं वेटोळं करून बुंध्याशीच मातीत पुरायचं आणि शेंडा तेवढा बाहेर ठेवायचा. पुरलेल्या पेरांना मुळं फुटतात आणि वेल पुन्हा चढायला लागते. म्हणजे तोडायची नसतेच. आजोबांच्या वाडीतल्या काही वेली त्यांच्याहून वयाने मोठ्या होत्या म्हणे. वेटोळं उसळून वर येऊ नये म्हणून त्याच्यावर एक गुळगुळीत धोंडा ठेवायचा. आमच्या घरी त्या धोंड्याला हळदकुंकू लावून नारळ वाढवायची रीत होती. इतर वाड्यांत होती की नाही, माहीत नाही.

पुढे मामांनी वाडी विकली. मामांना दोष देत नाही. पानं खुडायला माणूस मिळत नव्हता, आणि मामांची मुलं वाडीत चिखल तुडवायला थांबणार नव्हती. सही व्हायच्या आदल्या दिवशी आई केळव्याला गेली आणि एका वेलीचा मुळांसकट तुकडा ओल्या गोणपाटात गुंडाळून घेऊन आली. केळव्याहून पालघर, पालघरहून बोईसर, दोन्ही एसटींत गोणपाट मांडीवर. कंडक्टरने विचारलं, "ताई, मांडीवर पोरगं हाय का? मग झाकलंय कशाला?"

"पोरगी हाय," आई म्हणाली. "झोपलीय. हळू बोला."

शेजारी मी बसले होते, म्हणजे खरी पोरगी. कंडक्टर माझ्याकडे बघून हसला. आई हसली नाही.

बोईसरची ती पट्टी म्हणजे माती कसली, बिल्डरने टाकलेला राडारोडा. आईने विटांचे तुकडे वेचून काढले. मग केळव्याहून जो येईल त्याने पिशवीभर माती आणायची, असा दंडक घातला. मामी दारात उभी राहिली की आईचा पहिला प्रश्न, "माती आणलीस?" मामी वैतागायची. "अगं, नारळ आणलेत, रताळी आणलीत, त्यांना तरी आत घे."

वेल रुजली. भिंतीवर चढली. ऊन लागू नये म्हणून आईने वर हिरवी जाळी बांधली. शिरगावहून मासळी घेऊन येणारी मावशी सुक्या मासळीचा कुटा आणून द्यायची, तो खत म्हणून जायचा. आता कुट्याला वास असतो, ते मी नाकारत नाही. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका एकदा नाकाला रुमाल लावून मागे आले.

"वहिनी, फार वास येतो हो."

"कसला? कंपनीचा?"

"नाही, नाही. सुक्या मासळीचा."

"मग बरं हाय भाऊ. कसला हाय ते कळतं तरी."

काकांनी रुमाल खिशात ठेवला. तारापूरच्या कारखान्यांकडून वारा फिरला की आमच्या इमारतीत खिडक्या लावून घेतात. तो वास कशाचा, हे आजवर कोणी सांगितलेलं नाही. त्याबद्दल सोसायटीत तक्रारही नाही. तक्रार मासळीची.

पण पानं सगळ्यांना हवी असायची. सत्यनारायण असो, साखरपुडा असो, आमची बेल वाजणार. "काकू, पाच पानं द्या ना, देठासकट." तान्ह्या बाळाची छाती भरली की मोठं पान, तेल लावून तव्यावर कोमट करून शेकायला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या मुलीचा साखरपुडा झाला तेव्हा आईने परातभर पानं नेऊन दिली. खुडताना अंगठ्यावर आजोबांची पत्र्याची नखी चढवायची. नखीचा बारीक, कोरडा आवाज व्हायचा, टिक टिक टिक. मी खिडकीतून तो ऐकायचे. तेवढा वेळ आई केळव्यालाच असायची. हाक मारली तरी तिला ऐकू जायचं नाही.

माघात नोटीस लागली. सामाईक जागेत सभासदांनी झाडं, कुंड्या, वेली लावू नयेत, लावलेल्या काढाव्यात, असा तिचा मतलब. मी सोसायटीचे उपविधी काढून वाचले, भांडायचं म्हणून वाचले. खोटं कशाला सांगू, नियम तसाच होता. सामाईक जागा सगळ्यांची. पण त्याच पट्टीच्या टोकाला एका सभासदाचा मोडका कूलर गेले कितीतरी उन्हाळे उभा होता. त्याच्या पोटात मांजर व्यायली होती. कूलरला नोटीस नव्हती.

"लिहिते पत्रक," मी म्हटलं.

"तुझ्या पत्रकाने नाल्याचं पाणी साफ झालं का?" बाबा म्हणाले. ते कंपनीतून शिफ्ट करून आले होते, बूट काढत होते. "मग भिंत कशी मिळेल?"

आईने दोघांकडेही लक्ष दिलं नाही. वेलीशेजारी ठेवलेल्या कुंड्या तिने शेजारणींना वाटून टाकल्या. आणि वेलीचं, तिच्या माहेरच्या रीतीने जे करतात ते केलं. तशीही वेल खाली घ्यायची वेळ जवळ आली होती. दुपारी आम्ही दोघी मागे गेलो. तिने जाळी काढली, एकेक गाठ सोडत वेल भिंतीवरून सुटी केली आणि सुटलेली लांबी माझ्या हातांवर देत गेली. लोकर गुंडाळताना हात धरतात तसे मी धरून उभी. वेल गार होती. आई पुढची गाठ सोडत होती. मग एकदम म्हणाली, "अशीच धर हां बाय. बाबा धरायला माझ्याकडंच द्यायचे. भावांकडं नाय द्यायचे."

तिच्या बोलण्यातला "बाबा" इतक्या वर्षांनीही दहा वर्षांच्या मुलीच्या तोंडचा होता. मी मान खाली घालून हात धरून उभी राहिले.

वेटोळं मातीत गेलं. शेंड्यावर झावळीचं आच्छादन. वर धोंडा, धोंड्याला हळदकुंकू, आणि नारळ वाढवला. भिंत मोकळी झाली. सेक्रेटरी काका खूश. "वहिनी, सगळे सभासद तुमच्यासारखे असते तर!" आईने त्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. तिच्या लेखी प्रश्न मिटला होता. भिंतीवर नको म्हणाले, भिंतीवर नाही. गणपतीपर्यंत नवी पानं निघतील, तोवर भिंतीचा काहीतरी मार्ग निघेल, असा तिचा साधा हिशोब.

आणि तिथेच चूक झाली. आमच्या वाडीत त्या धोंड्याला कोणी देव समजलं नसतं. बोईसरात समजले. कुंकू लावलेला धोंडा, समोर फुटलेला नारळ. वॉचमन जाता-येता हात जोडू लागला. भाड्याने राहणाऱ्या, कंपनीत काम करणाऱ्या पोरांपैकी एकाने आईला विचारलं, "आंटी, कौन-सी माता का स्थान है?" शुक्रवारी कोणीतरी उदबत्ती लावून गेलं. मंगळवारी धोंड्यावर झेंडूचा हार. आईने हार काढून ठेवला, तर दुसऱ्या दिवशी नवा.

सेक्रेटरी काका धावत आले. या वेळी रुमाल घाम पुसायला. "वहिनी, हे काय सुरू केलंत? आज कुंकू, उद्या शेंदूर, परवा घंटा. मग देऊळ! एकदा बसलेला देव उठवता येतो का?"

आईला हसू आवरेना. "देव नाय ओ भाऊ. खाली वेल हाय."

ती खरं बोलली. खोटं बोलायचं तिला सुचलंही नसेल.

काका थांबले. "म्हणजे काढली नाहीत?"

"भिंतीवर नाय ना आता. मातीत हाय."

"वहिनी, मातीपण सामाईकच आहे."

रविवारी खालच्या पार्किंगमध्ये सभा झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या. विषय एकच, मागची सगळी पट्टी ब्लॉक घालून बंद करणे. म्हणजे वेलही नको आणि देवही नको. मी उभी राहिले आणि बोलले. कूलरबद्दल, कारखान्याच्या वासाबद्दल, माती बुजवली की पावसाचं पाणी कुठे जाणार याबद्दल. आवाज चढलाच. मागून कोणीतरी म्हणालं, "ही सभा आहे, मोर्चा नाही." लोक हसले. बाबा स्वतःच्या पायांकडे बघत बसले.

मग आई उठली. पदर खांद्यावरून घेतला, असा सभांमध्ये ती कधी घेत नाही.

"मला भिंत नको," ती म्हणाली. "जागापण नको. फक्त पाऊस लागेपर्यंत थांबा. वेल नुकती पुरलीय, आता उकरली तर उन्हानं मरंल. पाऊस लागला की मी ती काढून कुंडीत घेते, आमच्या गॅलरीत. मग घाला तुमी लाद्या."

इतकंच. अध्यक्ष म्हणाले, काँट्रॅक्टरचा माल येऊन पडलाय, तो थांबणार नाही. तरी मत घेऊ. पावसापर्यंत थांबावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.

बाबांनी हात वर केला. मी केला. "तू सभासद नाहीस, हात खाली घे," अध्यक्ष म्हणाले. आईने स्वतः करायला हवा होता, पण फ्लॅट बाबांच्या नावावर, तिचाही हात धरत नाहीत म्हणे. म्हणजे एकच हात. ज्यांच्या नातवाची छाती आमच्या पानांनी शेकली ते मोबाइल बघत होते. ज्यांच्या सत्यनारायणाला पानं गेली ते पंख्याकडे बघत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, परातभर पानांच्या, त्यांचा हात उठला. मी पाहिला. खांद्याच्या वर आला, कानापाशी गेला, आणि काकूंनी त्याने केस सारखे केले.

मला त्या हाताचा राग आहे. विरोध करणाऱ्यांचा नाही इतका.

दुसऱ्या दिवशी सोमवार. आई टँकरचं पाणी भरून वर गेली, तेवढ्यात खाली काम सुरू झालं. फावड्यांचा आवाज ऐकून ती तशीच उतरली, मी तिच्या मागे. तोवर बारीक खडीची कच पसरून झाली होती, अर्धी पट्टी ब्लॉकखाली गेली होती. धोंडा मात्र मजुरांनी हात जोडून उचलला होता आणि भिंतीपाशी, सावलीत, फडक्यावर ठेवला होता. मुकादम आईला दिलासा देत म्हणाला, "भगवान को साइड में रख दिया है, माताजी. चिंता मत करो."

आई धोंड्याकडे बघत राहिली. मग तिने तो पदरात घेतला आणि वर घेऊन आली. अजून स्वयंपाकघरात आहे. आई त्याच्याने लसूण ठेचते.

त्यानंतर तिने केळव्याला जायचं काढलं. इतकी वर्षं मामांच्या घरापर्यंत जायची, पण विकलेल्या वाडीकडे पाय वळवला नव्हता. वाडीच्या जागी रिसॉर्ट झालंय. आम्ही रविवारी गेलो. गेटवरच्या माणसाने विचारलं, "बुकिंग?" मी म्हटलं, नुसतं बघायचंय. तो बोलत होता तोवर आईने चपला काढल्या होत्या. गेटबाहेर, कुंपणाला लावून, नीट जोडीने. तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं. ती अनवाणी आत गेली, तापलेल्या फरशीवरून.

पाट होता तिथे पोहण्याचा तलाव. ट्यूबमध्ये बसलेली मुलं ओरडत होती. नारळ ठेवलेत, फोटोत चांगले दिसतात म्हणून असेल. सावलीच्या अंधाराचा कुठे मागमूस नाही, सगळीकडे लख्ख ऊन. आईने झाडांना पाणी घालणाऱ्याला विचारलं, "पानाच्या वेली काय झाल्या ओ? एखादी तरी?"

"वेल हाय ना," तो म्हणाला. "ऑफिसात."

ऑफिसात काउंटरच्या वर प्लास्टिकची वेल होती. आईने तिचं एक पान दोन बोटांत धरलं, सोडलं. परत गेटपाशी आलो तर चपला नव्हत्या. गर्दीत कोणी घालून गेलं असेल. मी म्हटलं, माझ्या घाल. ती म्हणाली, "राहू दे. वाडीतून मी अशीच यायची." आणि मामांच्या घरापर्यंत तशीच चालली.

आता दुसऱ्या कोणाच्या वाडीतून वेलीचा तुकडा मागता येईल. केळव्याला अजून वाड्या आहेत, माणसं चांगली आहेत, नाही म्हणणार नाहीत. मी तसं सुचवलंही. आई म्हणाली, "ती त्यांची असंल." आजोबांच्या हातची जी एक उरली, ती त्या ब्लॉकखाली आहे. जिवंत आहे की गेली, सांगता येत नाही. आईला विचारलं तर म्हणते, "उकरल्याबिगर कसं कळंल?" रोज सकाळी तांदूळ धुतलेलं पाणी ती खाली नेते आणि दोन ब्लॉकच्या फटीत ओतते. वॉचमन तेव्हा गेटाकडे तोंड करून उभा राहतो.

ब्लॉक सिमेंटात बसवलेले नाहीत, नुसत्या कचेवर आहेत. पहारीच्या एका दाबाने निघतील. मी पहार आणलीही होती, कोणाकडून तरी मागून. आईने ती पलंगाखाली ढकलली.

"चोरून नको."

"अगं पण मरेल ती!"

"मरू दे, पण चोरून नको. मला हितंच राहायचंय, बाय. उद्या कुणाकडं बारसं असलं तर ह्यांनाच पानं द्यायची हायेत मला. ब्लॉक ज्यांनी घातला त्यांनी काढायचा."

मला तिचं हे पटत नाही. लढाईत असं चालत नाही, हे मी तिला दहादा सांगितलंय. पण वेल तिची आहे, आणि आजोबा धरायला तिच्याकडेच द्यायचे.

सोसायटीची पुढची सभा पाऊस लागल्यावर आहे. विषय मी बाबांच्या सहीने लेखी दिलाय, भिंतीलगतचे ब्लॉक उचलून वेल काढू देणे. हा कागद आमच्या इमारतीच्या प्रत्येक दाराखालून आत सरकवणार आहे. तुम्ही दुसऱ्या इमारतीत राहत असाल, तर तुमच्याही मागच्या अंगाला कोणाची तरी हातभर माती असेल आणि तुमच्या घरी तिथलं काहीतरी आलं असेल.

आपापल्या सभेला या. विषय वाचला जाईल तेव्हा मोबाइल खिशात ठेवा आणि हात वर करा. कानापर्यंत नको. पुरता वर करा, आणि मोजून होईपर्यंत खाली घेऊ नका.